युक्ती सांगायची राहिली, मामा

मामा, काल सकाळी तुमच्या दारात पुन्हा एक कुटुंब येऊन उभं राहिलं. नवरा-बायको, आणि बायकोच्या हातात लाल कापडात गुंडाळलेला नारळ. लोहारा गावाकडून आले होते. मामी आत पडून होत्या, म्हणून मीच बाहेर गेले. मामा गेले, असं सांगितलं. बाई मटकन पायरीवर बसली. माणूस मात्र तुमच्या हार घातलेल्या फोटोकडं थोडा वेळ बघत राहिला आणि मला म्हणाला, "बरं, मग आता गादी कोन चालवतंय? तुमी का?"

मी नारळाला हात लावला नाही. म्हणाले, "कसली गादी नव्हती हो. ते एसटीत कंडक्टर होते. शाळांतून जादूचे प्रयोग करायचे." त्यानं समजूतदारपणे मान हलवली. थोर माणसांच्या घरचे असंच बोलतात, हे त्याला कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असावं. निघताना नारळ उंबऱ्यापाशी ठेवून गेला.

मी आत आले ती रागातच. तुमच्यावरच्या. गेलेल्या माणसावर इतकं रागावता येतं, हे मला माहीत नव्हतं.

तुम्ही माझ्या आईचे धाकटे भाऊ. तिच्या माहेरी घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. मला तुम्ही कायम 'यव्वा' म्हणायचात, आईला हाक मारावी तसं. लहानपणी सुट्टीत तुळजापूरला आले की तुमच्या नळदुर्गच्या फेरीला मी तुमच्या सीटवर बसून यायची. गर्दी ओसरली की तुम्ही एखादं जुनं तिकीट घ्यायचात, सगळ्यांसमोर टर्रकन फाडायचात, मुठीत धरून फुंकर मारायचात आणि अख्खं तिकीट पुढं करायचात. बायाबापड्या तोंडाला पदर लावून हसायच्या. मी हसायची नाही. मी तुमच्या बाह्या वर करून बघायची, खिसे उलटे करायची, सीटखाली वाकायची. तुम्हाला त्याचाच आनंद व्हायचा. "बघ, अजून बघ," म्हणायचात. मग एका सुट्टीत मी पकडलं. दुसरं तिकीट तुमच्या अंगठ्यामागं घडी करून दडवलेलं होतं. ते हातात आलं आणि मला रडूच कोसळलं. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तुम्ही म्हणालात, "रडती कशाला? आता तू करून दाखव." मला जमलं नाही. ठाऊक होतं, तरी जमलं नाही.

मी पुढं येडशीला शाळेत विज्ञानाची बाई झाले, यात त्या तिकिटाचा वाटा आहे. तुम्ही निवृत्त झालात आणि आपण दोघं मिळून गावोगावच्या शाळांत जायला लागलो. तुमचा नारळाचा प्रयोग पोरांना लई आवडायचा. शेंडीत दडवलेला सोडियमचा खडा, वर पाण्याचा शिपका, आणि भप्पकन जाळ. पोरं मागं सरकायची. मग तुमचं ठरलेलं वाक्य यायचं, "आता ही युक्ती बघा." तुम्ही शेंडी सोडून दाखवायचात आणि मी फळ्यावर समजावून सांगायची. त्या वाक्यासाठीच मी तुमच्याबरोबर यायची. त्या वाक्याशिवाय तुम्ही आणि यल्लम्माच्या जत्रेतला कुणीही अंगारेवाला यांत मला फरक वाटला नसता.

आणि मग ते जळकोटच्या खालचं गाव आलं. गावाचं नाव मी लिहीत नाही, तसं कबूल केलंय. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील तिथले. ते सांगत आले की गावात एका घरी भानामती सुरू झालीय. पेटीतली लुगडी आपोआप पेटतात, दोरीवरचा सदरा जळतो, भिंतीवर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. देवऋषी येऊन गेला होता आणि त्यानं 'मावळतीचं दार' सांगितलं होतं. मावळतीला एकच दार होतं, पारूआक्काचं. भावकीतलीच विधवा बाई, एकटी राहणारी. तिला नळावर पाणी भरू देत नव्हते. तिच्या दारातली घागर कुणीतरी फोडली होती. तिला गावातून काढायची बोलणी पारावर उघड उघड चालली होती.

मी म्हणाले, पोलिसात जाऊ, कायदा आहे. तुम्ही म्हणालात, "जाऊ की. आदी बघून तर येऊ."

त्या घरात आपण बसलो होतो ती सकाळ मला अजून लख्ख दिसते. सासू गयाबाई जळक्या लुगड्यांचा ढीग समोर टाकून रडत होती. सून सविता, कर्नाटकातल्या आळंदकडची, लग्न होऊन फार दिवस न झालेली, चहा घेऊन आली आणि आत गेली. थोड्या वेळानं आतल्या खोलीतून धूर आला. सगळे पेटीकडं धावले. आपण दोघं नाही धावलो. मला धुरात काडेपेटीच्या गुलाचा वास आला होता. तुम्ही माणसांचे चेहरे बघत होतात. आणि आपली दोघांची नजर एकदमच तिच्यावर गेली. दाराला टेकून उभ्या असलेल्या सवितावर. एवढ्या आरडाओरड्यात न दचकलेली ती एकटीच होती.

तुम्ही तिच्याकडं पाणी मागितलंत. तांब्या घेताना हळूच, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणालात, "साकु, यव्वा." पुरे, पोरी. मी शेजारीच होते आणि एवढं कानडी मला येतं. तिच्या हातातलं पाणी सांडलं.

बाहेर येऊन तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, "सोमवारी येतो. समद्या गावानं यायचं." मला वाटलं, आता गावापुढं प्रयोग होईल आणि प्रयोगानंतर ते वाक्य येईल. मी फळ्याऐवजी दाखवायला मोठा तक्ताही घेऊन आले होते.

सोमवारी मारुतीपुढं गाव जमलं. तुम्ही कपाळभर विभूती लावून आलात, ती मी पहिल्यांदा बघितली. नारळ हातावर घेतलात, पाणी शिंपडलंत, जाळ झाला. बाया किंचाळल्या. मी तक्ता उलगडायला घेतला आणि तुमच्या तोंडाकडं बघत राहिले. वाक्य आलंच नाही. तुम्ही म्हणालात, "ही भानामती कुन्या मानसाची न्हाय. गयाबाईच्या लुगड्याच्या पेटीत बसून आली हुती. आता गेली. पन परत येऊ नये म्हनून दोन गोष्टी पाळायच्या. रोज सकाळी सुनेला पैला चहा सासूनं आपल्या हातानं द्यायचा. आन् त्या घरात शिंपडायला पानी पारूआक्काच्या घागरीतलं पायजे. ते गयाबाईनं सोता तिच्या दारात जाऊन मागून आनायचं."

गयाबाईचा चेहरा असा झाला, जणू तिला कुणी मारलं असावं. पण गाव बघत होतं. ती गेली. पारूआक्कानं तिला दारात चांगलं उभं ठेवलं, मग नव्या घागरीतलं पाणी भरून दिलं. त्या दिवसापासून त्या घरात काही जळलं नाही.

परत येताना जळकोटच्या फाट्यावर चहाला थांबलो, तेव्हा मी तक्ता पुन्हा पुन्हा घट्ट गुंडाळत बसले. शेवटी तुम्हीच म्हणालात, "बोल की."

"ही फसवणूक आहे, मामा."

"व्हय. फसवनूकच हाय. जादूगार दुसरं काय करतो?"

"जादूगार तिकीट काढून आलेल्यांना फसवतो. त्यांना माहीत असतं. आणि शाळेत तुम्ही शेवटी युक्ती सांगता. इथं का नाही सांगितली?"

"सांगितली असती तर आज सांजच्याला ती पोरगी हिरीत दिसली असती."

"आणि उद्या दुसऱ्या गावात दुसरी पारूआक्का निघेल, तेव्हा?"

तुम्ही बशीत चहा ओतलात, फुंकर मारलीत. "सांगनार हाय यव्वा. येळ आली की सांगनार."

ती वेळ कधी येणार, हे मी त्यानंतर प्रत्येक भेटीत विचारत राहिले. तुम्ही प्रत्येक वेळी विषय बदलत राहिलात. आणि इकडं तुमच्या दारात माणसं यायला लागली. भानामती धरणारे मामा. कुणाची म्हैस दूध देईना, कुणाची सून बोलेना, कुणाच्या पोराला झोपेत ओरडायची सवय. सुरुवातीला तुम्ही पायरीवर बसून घसा कोरडा होईपर्यंत सांगायचात, "बाबांनो, मी मांत्रिक न्हाय." जितकं सांगायचात तितकी त्यांची खात्री पटायची. शाळांतला नारळाचा प्रयोग तुम्ही बंद केलात. मला वाटलं, लाज वाटली असेल. मग एकदा मी दारात असताना एक म्हातारा तुमच्या पाया पडला आणि तुम्ही पाय मागं घेतले नाहीत. त्या दिवसापासून माझ्या मनात पाल चुकचुकली, ती गेलीच नाही. मामांना हे आवडायला लागलंय का?

एकदा तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन एक आई आली. तुम्ही त्याच्या कपाळाला विभूती लावलीत आणि म्हणालात, "आता सरळ डॉक्टरकडं जा, इथनं घरी जायचं न्हाय." ती गेल्यावर मी फटकन विचारलं, "डॉक्टरकडं पाठवायचंच होतं, मग विभूती कशाला?"

"विभूती लावली म्हनून तर गेली."

"आणि लेकरू बरं झालं की नाव कुणाचं होईल?"

तुम्ही हसलात. ते हसू मला आवडलं नाही, मामा. आजही आवडत नाही.

तुमचं एक म्हणणं मात्र मी खोडू शकले नाही. तुम्ही म्हणायचात, "लोकांला जादू सनासुदीला लागत न्हाय. रोज लागती, चहासारखी. तुझ्या आईनं तुझ्यावरनं मीठ-मोहऱ्या उतरल्या, तवा तिला काय ठाऊक न्हवतं व्हय, की मोहरी तडतडतीच? पन तेवढा येळ ती तुझ्याकडंच बघत हुती. दुसरं काय बी काम न करता." मी म्हणायची, मग मीठ-मोहरीशिवाय बघावं ना माणसानं. तुम्ही म्हणायचात, "बघावं की. कोन बघतंय?" इथं आपलं भांडण थांबायचं. मिटायचं नाही, नुसतं थांबायचं.

सोलापूरच्या दवाखान्यात शेवटी मी तुमच्या उशाशी होते. विचारायचं ठरवूनच आले होते, की तुम्हाला स्वतःला काय वाटतं? त्या पाया पडणाऱ्यांना बघून कधी क्षणभर तरी वाटलं का, की आपल्या हातात काही आहे? पण तुम्ही उशाजवळचा कागदाचा कपटा घेतलात, फाडलात, मुठीत धरलात. दुसरा कपटा अंगठ्यामागून निसटून चादरीवर पडला. मी पाहिला. मी पाहिला, हे तुम्ही पाहिलंत. "घावलो," म्हणालात आणि डोळे मिटून हसलात. मग मी काही विचारलं नाही.

तुम्हाला आपल्या लिंगायत रीतीनं बसवून माती दिली. तळहातावर लिंग होतं, कपाळावर विभूती. हीच विभूती त्या सोमवारी मला पाठ करून आणलेल्या भूमिकेसारखी वाटली होती. आता ती तुमचीच वाटली. माणूस गेल्यावर आपला संशयसुद्धा असा हातातून सुटायला लागतो, आणि मला तेही नको होतं.

दिवसांच्या, आराधनेच्या जेवणाला त्या गावची जीपभर माणसं आली. पारूआक्का सकाळीच येऊन मामींपाशी बसली होती. मी भाजी निवडत होते, तिथं ती सरकून आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, तुमचे मामा परत आले हुते बरं का माज्याकडं. वर्सभरानं. एकलेच."

मी विचारलं, "कशाला?"

"काडी कुनाची हुती ते सांगितलं मला. म्हनले, तुज्यावरचा आळ खोटा हुता, ते गावापुढं सांगून टाकतो. तुजी परवानगी पायजे. म्याच न्हाई म्हनलं. पोरीला तवा दिवस गेले हुते. म्हनलं, मामा, मला शिव्या खायची सवय हाय, तिला न्हाई."

मामा, इतकी वर्षं मी तुमच्याशी भांडले आणि तुम्ही हे एका शब्दानं बोलला नाहीत. मला सांगितलं असतंत तर मी कुणाला सांगितलं असतं? कुणालाच नाही. की सांगितलंत तर मी भांडायची थांबेन, याची तुम्हाला भीती वाटत होती? हे मला आता कुणाला विचारता येणार नाही.

दुपारी मांडवात पंगत बसली. त्या गावचे एक म्हातारबुवा पलीकडच्या रांगेतल्या लोकांना तुमची गोष्ट रंगवून सांगायला लागले. नारळातून भानामती कशी किंचाळत बाहेर पडली, जाळात तिचे केस कसे दिसले. केस! मी पाणी वाढत होते, तांब्या खाली ठेवला. आता बोलायचंच, असं ठरवून तोंड उघडलं, तेवढ्यात बायकांच्या रांगेतून सविता उठली. तिनं मांडीवरची मुलगी शेजारी बसलेल्या गयाबाईकडं दिली.

"आजोबा," ती म्हणाली, "भानामती-बिनामती कुनी न्हवती. काडी म्या लावत हुते."

हुग्गीची, गव्हाच्या खिरीची बादली घेतलेला वाढपी जागीच उभा राहिला.

सविता रडत नव्हती. सरळ बोलत होती. "पोट पडल्याला थोडेच दिस झाले हुते आन् मला रानात धाडत हुते. एकदा चुलीपाशी पदर पेटला. खरंच पेटला, चुकून. समदं घर माज्याकडं धावलं. माज्या सासूनं, ह्या आत्याबाईनं मला पोटाशी धरलं. ही भानामती हाय, हिला एकलीला सोडू नका म्हनले. त्या दिशी कुनी मला रानात धाडलं न्हाई. मग दुसऱ्यांदा म्या लावली. पारूआक्काचं नाव निगालं तवा थांबावं वाटत हुतं. पन थांबले तर कळंल, म्हनून लावतच गेले. मामांनी वळखलं हुतं. म्हाईत असून कुनाला सांगितलं न्हाई. ते हुते तवर माजी हिंमत झाली न्हाई. आज सांगते." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "बाई, तुमी लिवत असता. लिवा हे. गावाचं नाव नगा घालू, माजं घातलं तरी चालंल."

सगळे गयाबाईकडं बघायला लागले. तिनं नातीच्या अंगावरचा फ्रॉक सारखा केला. खाली मान घालून म्हणाली, "मला म्हाईत हुतं. मामा यायच्या आदीच हिच्या उशाखाली काडेपेटी घावली हुती. पन पारूच्या दारातली घागर म्या फोडली हुती. सून निगाली म्हनले असते, तर मला माफी मागायला तिच्या दारात जावं लागलं असतं."

मामा, तुम्हाला हेही कळलं होतं का? म्हणून तुम्ही गयाबाईलाच त्या दारात धाडलंत? की अंधारात मारलेला दगड बरोबर बसला? आणि गयाबाई खरं बोलत होती, की सुनेनं सगळं सांगून टाकल्यावर आपणही मोठं व्हावं म्हणून? मी तिथं उभी राहून हाच विचार करत होते. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

मग तेच म्हातारबुवा हात जोडून म्हणाले, "मामाच बोलायलेत. बघा, तिच्या तोंडानं मामाच बोलायलेत." आणि दोघा-चौघांनी तुमच्या फोटोकडं बघून कपाळाला हात लावले.

फळा, तक्ता, वाक्य, सगळं असतं तरी मी तिथं काय केलं असतं? तुम्ही तरी काय केलं असतंत?

पारूआक्का उठली. गुडघ्यावर हात देत, सावकाश. "मामा मातीत गेलेत," ती म्हणाली. "ही सविता बोलतीय. सोताच्या तोंडानं बोलतीय. ऐकायचं तर तिचं म्हनून ऐका. आन् आजपास्नं आजारी पोरं घेऊन माज्या दारात घागरीचं पानी औशद म्हनून मागायला येऊ नका. आदी मला चेटकीन केलं, मग देवी केलं. आता नुसतं पारू म्हना."

ती खाली बसली. म्हातारबुवांनी पत्रावळीकडं बघितलं आणि जेवायला सुरुवात केली. त्यांना पटलं की नाही, कोण जाणे. बाकीचेही जेवायला लागले.

गयाबाईनं नातीला सविताकडं परत दिलं, उठून वाढप्याच्या हातातली पळी घेतली आणि पारूआक्कापुढं वाकली. "पारू, वाढू का गं?"

मनापासून विचारलं, की चारचौघं बघतायत म्हणून, ते मला सांगता येणार नाही, मामा.

"वाढ की," पारूआक्का म्हणाली आणि पत्रावळ पुढं सरकवली.